न पाहिलेल्या गावांचे कागद

त्या ऑफिसात तिला सगळे सूचनाबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. परदेशी जाणाऱ्यांची तिकिटं, व्हिसा आणि हॉटेलं बघणारं ते ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. तीन टेबलं, एक झेरॉक्सचं मशीन, आणि भिंतीवर ऊन लागून फिकी पडलेली समुद्राची पोस्टरं. मालक कागदपत्रं बघायचे आणि ही बाई प्रत्येक प्रवाशाच्या लिफाफ्यात घालायचा दोन पानी कागद तयार करायची. वर ठळक अक्षरांत असायचं, ‘सोबत ठेवा’.

असे कागद काय, ढिगाने मिळतात, असं तुम्ही म्हणाल. मिळतात ना. पण हिचा कागद कुणी फेकत नसे. पासपोर्टची एक प्रत बॅगेत आणि एक घरी ठेवा, हे कुणीही सांगेल. ही सांगायची, नवे बूट घालून विमानात बसू नका, महिनाभर आधी तेच घालून भाजी आणायला जा. पोचल्या दिवशी डोळे कितीही मिटले तरी संध्याकाळपर्यंत झोपू नका, उन्हात चालत राहा. एकाच चहाच्या दुकानात दोनदा जा, कारण पहिल्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक असता आणि दुसऱ्या दिवशी ओळखीचे होता. दिवसाला दोनच ठिकाणं बघा आणि उरलेला वेळ मोकळा सोडा, घरी आल्यावर आठवतो तो तोच. तिथल्या भाषेत ‘आभारी आहे’ आणि ‘माफ करा’ एवढं शिकून जा, बाकीचं हात करतात.

लोक विचारायचे, “बाई, तुम्ही किती फिरला असाल हो?” ती उत्तर द्यायच्या आत मालक सांगून मोकळे व्हायचे, “त्यांनी कुठलं गाव सोडलंय?”

बाई कुठेही गेली नव्हती. पासपोर्ट होता, मालकांनीच काढायला लावला होता, मुदत संपून एकदा नवा करूनही झाला होता. आतली पानं कोरी करकरीत. आई गेली तेव्हा ही एकवीस वर्षांची आणि धाकटी बहीण सहा. तिची वेणी घालण्यापासून परीक्षेच्या पेन्सिलींना टोक काढण्यापर्यंत सगळं हिनेच केलं. मग वडील अंथरुणाला खिळले, तेही हिनेच काढलं. ते गेल्यावर जायला हरकत नव्हती, पण तोवर न जाण्याची सवय होऊन बसली होती. धाकटी शाळेत शिकवायला लागली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि दोघी बहिणी दोन खोल्यांत राहायच्या. हिचं जग म्हणजे धाकटी. दुसरं माणूस नाही.

आता फिरलेली बाई म्हटलं की काहीतरी आतलं सांगायला हवं. म्हणून ती प्रत्येक कागदात एक गोष्ट मनची घालायची. एका शहराच्या कागदात तिने लिहिलं, ‘स्टेशनच्या मागे घड्याळजीचं दुकान आहे, त्याला लागून जिना आहे, सत्तावीस पायऱ्या चढलात की अख्खी नदी दिसते.’ तिचा हिशेब साधा होता. स्टेशनला मागची बाजू असणारच. नाही सापडलं तर माणूस समजेल, आपलंच वळण चुकलं. खोटं बोलायलाही डोकं लागतं, आणि ते तिला होतं.

मग एक निवृत्त जोडपं त्या शहरातून परत आलं. आजोबा म्हणाले, “पायऱ्या मोजल्या बरं का मी. सत्तावीसच.”

बाई हसली. योगायोग. दुसऱ्या एका देशासाठी तिने बाजारात बटणं विकणारी म्हातारी लिहिली होती. एक मुलगी तिथून आली आणि म्हणाली, “त्या आजी म्हणत होत्या, कागद लिहिणाऱ्या बाई गेल्याच महिन्यात येऊन गेल्या.” गेल्या महिन्यात बाई रोज दहा ते सहा याच खुर्चीवर होती. लोक मन राखायला काहीही बोलतात, म्हातारीही बोलली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. समजूत घालायची ठरवली की पडते.

पण चष्म्याचं काय करायचं? दवाखान्यातली एक नर्स सुट्टीत जाऊन आली आणि तिने टेबलावर एक चष्मा ठेवला. “गच्चीवरच्या खाणावळीत विसरला होतात म्हणे. मालकीणबाईंनी जपून ठेवला होता.” ती गच्चीवरची खाणावळ बाईने एका दुपारी डबा खाता खाता रचली होती. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. समोरच्या पोस्टरवरची बारीक अक्षरंसुद्धा लख्ख दिसली. ती तशीच जिना उतरून खाली चष्मेवाल्याकडे गेली. त्याने काचा तपासल्या आणि म्हणाला, “नंबर तुमचाच आहे. फ्रेम मात्र आपल्याकडे येत नाही. कुठून आणलीत?” बाईच्या अंगावर सरसरून काटा आला. दुकानात चार माणसं होती, बाहेर टळटळीत दुपार होती, तरीही.

त्यानंतर तीन महिने तिने कागदात मनचं काही घातलं नाही. मालक कुरकुरले, “बाई, कागद अळणी झालेत हल्ली. लोक विचारतात.” पोटाचा प्रश्न होता. तिने पुन्हा लिहायला घेतलं, पण जपून. माणसं घालायची नाहीत, नुसत्या जागा.

आणि मग ते साहेब आले. बंदराच्या एका गावाला निघाले होते. कागद वाचून भर ऑफिसात म्हणाले, “स्वतः कधी गेलात का हो, की इथे बसून उंटावरून शेळ्या हाकताय?” खोटं असतं तर बाईने हसून सोडलं असतं. खरं होतं म्हणून झोंबलं. तिने त्यांच्या कागदाच्या दुसऱ्या पानावर तळाला एक ओळ टाकली. ‘शेवटच्या दिवशी धक्क्याच्या टोकाला जाऊन बाकावर बसा. उठावंसंच वाटणार नाही.’ शापबिप काही नव्हता तिच्या मनात. राग होता, आणि रागात बोटं चालली.

साहेब परत आले नाहीत. त्यांची बायको ऑफिसात येऊन गेली. दर आठवड्याला तिकीट पुढे ढकलतात, म्हणाली, आणि फोनवर एकच वाक्य, छान आहे इथे. बाईने मान खाली घालून तिला पाणी दिलं. एवढंच केलं.

पुढे जे झालं त्यात भुताखेताचा काही हात नाही, ती या धंद्यातली रोजची चूक आहे. नवा कागद कोऱ्यावर कुणी लिहीत नाही. त्या गावाचा जुना कागद उघडायचा, नाव बदलायचं, तारखा बदलायच्या, छापायचा. सुट्टी लागली तशी धाकटीने टुमणं लावलं, “ताई, तू चल, नाहीतर मी एकटी जाते.” बाईने नेहमीप्रमाणे कामाचं कारण सांगितलं आणि धाकटीने बंदराचं तेच गाव निवडलं. शनिवारी गर्दी होती. बाईने जुना कागद उघडला, नाव बदललं, तारखा बदलल्या आणि छापला. दुसरं पान खाली सरकवून बघितलंच नाही.

धाकटी गेली. रोज निरोप यायचा. दोनदा एकाच दुकानात चहा प्यायले, खरंच ओळखतात ताई. बूट अजिबात लागत नाहीत. दहाव्या दिवशी, म्हणजे निघण्याच्या दिवशी, दुपारी निरोप आला, ‘तिकीट पुढे ढकललंय. छान आहे इथे.’

बाईने हातातलं काम बाजूला सारलं. तिने संगणकावर तो कागद उघडला आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी गेली. ओळ जागच्या जागी होती. मालक जेवायला गेले होते. तिने फोन लावला.

“ताई,” धाकटीचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होता, “किती दिवसांनी बरं वाटतंय गं. पाणी समोर आहे. तू लिहिलंस तसंच.”

“ऊठ तिथून. आत्ताच्या आत्ता ऊठ, टॅक्सी कर आणि विमानतळावर जा.”

“उठते ना. घाई काय आहे?”

तेव्हा बाईने जे वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. “मी कधी गेले नाही तिथे. कुठेच गेले नाही. ते बाक, तो धक्का, सगळं मी इथे बसून रचलंय. ऐकतेस ना? ऊठ, माझ्या राणी.”

पलीकडे लाटा ऐकू आल्या. मग धाकटी हळू आवाजात म्हणाली, “मग ताई, माझ्याशेजारी सकाळपासून कोण बसलंय?”

बाईने फोन कानाशी घट्ट धरला. “तिच्याकडे फोन दे,” ती म्हणाली.

पलीकडून जो आवाज आला तो तिचाच होता. पण सहा वाजेपर्यंत टेबलाशी बसून थकलेला नव्हता, मोकळा होता, मोकळ्या हवेतला. “केलास एकदाचा फोन,” तो आवाज म्हणाला. “सगळीकडे मला पाठवत राहिलीस, आणि स्वतः कधी आली नाहीस. एवढ्या पायऱ्या चढले, एवढी माणसं जोडली, सगळी विचारतात, ती दुसरी कधी येणार?”

“हिला सोड.”

“हिला कुणी धरलंय? मला ही नकोच आहे. हिला बसवून घेतलं नसतं तर तू विचारलं तरी असतंस का माझं?”

“आणि ते साहेब?”

“ते? ते आपल्या मर्जीने बसलेत. त्या टोकाला. कुणाशी बोलत नाहीत, बरंच आहे.”

एवढ्या भीतीतही बाईला हसू फुटता फुटता राहिलं. मग तिने विचारलं, “काय करू म्हणजे ती परत येईल?”

“ये,” आवाज म्हणाला. “शुक्रवारी तिचं विमान तिकडे उतरेल. त्याच संध्याकाळी तुझं सुटलं पाहिजे. नाहीतर मी पुन्हा तिला हाक मारीन, आणि माझ्या हाकेला ती ओ देते, तुझाच आवाज आहे हा.”

बाई हो म्हणाली. विचार केला नाही. त्या पोरीच्या वेण्या घातल्या होत्या तिने, विचार कसला करायचा? मालक जेवून आले तेव्हा ती स्वतःच्या व्हिसाचा फॉर्म भरत होती. मालकांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि काहीएक न विचारता ओळखीच्या माणसाला फोन लावला. चार दिवसांत काम झालं.

शुक्रवारी ती बॅग घेऊन विमानतळावर गेली. काचेच्या दारातून माणसं बाहेर पडत होती, ढकलगाड्या लोटत, कुणाला तरी शोधत. धाकटी आली. उन्हाने रापली होती. बाईने तिला पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. हाडामांसाची होती, घामाचा वास येत होता, आपली होती. बाई रडली, आणि लाजही वाटली नाही.

मग धाकटीचं लक्ष बॅगेकडे गेलं. “कुठे निघालीस?”

“तिकडेच. कबूल केलंय.”

“परत कधी?”

“बघू.”

धाकटीने तिचं मनगट घट्ट धरलं. “नको जाऊस ताई. तुला कळत नाहीये. मी तिला जवळून बघितलंय. अगदी तुझ्यासारखीच आहे गं, हात, केस, बोलणं, सगळं. फक्त ती हसत होती. दिवसभर. मी तुला आयुष्यात एवढं हसताना बघितलं नाही.”

धाकटीने ते भीती घालायला सांगितलं होतं. बाईने ते नीट ऐकून घेतलं, मनगट सोडवलं, घराची किल्ली धाकटीच्या हातात दिली, आणि आत जायच्या दाराकडे निघाली, भराभर.