आंधळ्याच्या हातची चिठ्ठी

ओबेड हिंकलीला दिसत नव्हतं, म्हणूनच गव्हर्नरसाहेबांनी त्याला हे काम सांगितलं. लढाईला कोणी जायचं ते चिठ्ठ्या ठरवणार, आणि चिठ्ठी आंधळ्याने काढली की कोणाला बोट दाखवायला जागा नको.

ट्रेडवेसाहेब मूळचे याच गावचे वकील. दोनदा निवडणूक हरले, मग गव्हर्नर झाले आणि वर्षाच्या आत लढाई गळ्यात पडली. पोरक्या ओबेडला गाव गरीबखान्यात डांबायला निघालं होतं, तेव्हा कोर्टात फुकट उभे राहून त्यांनीच त्याला सोडवलं, झाडू बांधायच्या धंद्याला लावलं. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? पण चिठ्ठ्यांच्या पिंपात ओबेडच्या एकुलत्या एका मुलाचं, लेमचंही नाव होतं.

निघताना सून थिर्झा कानाशी आली. "मामंजी, चिठ्ठ्या आम्ही शिवणाच्या बैठकीतल्या बायकांनीच कापून घड्या घातल्यात. यांच्या चिठ्ठीला मी कोपऱ्यात सुईने भोक पाडलंय. बोटाला लागलं की सोडून द्या."

"अगं, पाप आहे हे."

"पाप माझ्या माथी. तुम्ही पोराला वाचवा."

कोर्टापुढे ही गर्दी. "ओबेडकाका, जरा पलीकडून काढा हो, माझा मका उभाय शेतात," कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

ओबेडने पिंपात हात घातला. पहिल्याच चिठ्ठीला भोक लागलं. देव पावला म्हणत त्याने ती सोडली. दुसरीलाही भोक. तिसरीलाही. एकूण एक बाईने एकमेकींना पत्ता लागू न देता आपापल्या माणसाची चिठ्ठी टोचली होती.

तळाशी एक गुळगुळीत चिठ्ठी सापडली. ती चिमटीत धरून तो तसाच थांबला. ही कोणाची असणार? ज्याच्यासाठी सुई उचलायला घरात बाई नाही, त्याची. त्याच्यासारख्याच पोरक्याची.

"काढ, ओबेड. घाबरू नकोस, मी आहे ना शेजारी," साहेब म्हणाले.

त्याने ती सोडली आणि हाताला आली ती टोचलेली चिठ्ठी वर दिली. कारकून वाचताना अडखळला. "वॉल्डो ट्रेडवे."

साहेबांचा थोरला. म्हणजे बाईसाहेबही बैठकीला होत्या तर.

मग साहेब म्हणाले, "पुढची."

त्यानंतर ओबेडने चाचपायचं सोडलं. हाताला येईल ती देत गेला. दिवस मावळायच्या आत लेमचं नाव निघालं.

थिर्झा पुढे जन्मभर त्याला वेळच्या वेळी मक्याची भाकरी वाढत राहिली. मामंजी म्हणून हाक मात्र तिने पुन्हा कधी मारली नाही.