भर सत्रात वाटलेलं सामान

होस्टेलच्या मॅडमनं माझी पिशवी ऑफिसच्या टेबलावर उलटी केली. हातानं नाही, पट्टीनं. नवा ड्रेस पडला, स्वेटर पडला, घड्याळ पडलं. दारात पोरी उभ्या होत्या.

"चोर तो चोर, वर शिरजोर," मॅडम म्हणाल्या. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

अमरावतीच्या त्या मुलींच्या होस्टेलात मी अकरा वर्षं झाडलोट केली. तिथली रीत अशी, की परीक्षा संपली की घरी जाणारी पोरगी आपली बादली, गादी, कपडे मावशीला देऊन जाते. म्हणून मूर्तिजापूरच्या एका पोरीनं हे सामान दिलं, तेव्हा मी खूश होऊन घेतलं. परीक्षेला चार महिने बाकी होते, हे डोक्यात आलंच नाही. त्याचा राग येतो. माझाच मला.

मग एकेक दिसायला लागलं. केसांना फणी नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. डबा भरलेलाच परत. वह्यासुद्धा शेजारणीला देऊन टाकल्या. तेच सांगायला मी सामान घेऊन ऑफिसात गेले होते.

"मॅडम, पोरीचं लक्षण बरं नाई. जिवाचं काई करून घेईन ते."

"तू डॉक्टर झालीस का? जा, संडास धू."

पोरी हसल्या. माझे पायही सवयीनं संडासाकडे वळले. मग स्वतःचीच चीड आली. तशीच वर गेले आणि त्या पोरीच्या खाटेवर बसले. आमच्यासारखीनं पोरींच्या खाटेवर बसायचं नसतं. बसले. सरळ विचारलं, "बाई, मराचं मनात येऊन राह्यलं काय?"

ती माझा हात धरून ढसाढसा रडली. "हो मावशी."

तिच्याच फोनवरून तिच्या आईला बोलावलं. मॅडम धावत वर आल्या. "कोणाला विचारून फोन केलास? कामावरून काढीन!"

"काढा. तिची माय येईपर्यंत मी इथून हालत नाई."

संध्याकाळी आई आली, पोरीला डॉक्टरकडे घेऊन गेली. तिचे उपचार अजून चालू आहेत. मला त्याच आठवड्यात काढलं. चोरीचा ठपका कोणी पुसला नाही, माफीचं तर नावच नको.

आता अकोल्यात दुसऱ्या होस्टेलात आहे. पहिल्याच दिवशी तिथल्या मॅडमना सांगितलं, "पोरगी जेवली नाई, आपलं सामान वाटाले लागली, तर आधी तिच्याजवळ बसीन, मंग तुमाले सांगीन. तुमी ऐकलं नाई, तर तिच्या घरी सांगीन. तुमची परवानगी मांगनार नाई."