कुलपाला हाक मारणाऱ्या आक्का

कुलूप लावलेल्या दारासमोर उभं राहून तुम्ही कधी हाक मारली आहे का? यशोदाआक्का मारत. एकदा नाही, तीनदा. मग दाराला कान लावून, श्वास रोखून थांबत. पुराचं पाणी गुडघ्यापर्यंत असो की छातीपर्यंत, या रीतीत बदल नाही.

आक्का सरकारी दवाखान्यात आया होत्या. निवृत्त झाल्यावर पंचगंगेकाठच्या आमच्या वस्तीत, विहारात जमणाऱ्या बारा बायकांचं मंडळ त्यांनी उभं केलं. बाहेरून मदतीचे ट्रक येतात ते पाणी ओसरल्यावर, आणि तेही डांबरी रस्त्यापर्यंतच. जुन्या कपड्यांचे ढीग ओततात, फोटो काढतात, परत जातात. ही मदत नव्हे, स्वतःचं घर आवरणं आहे! आक्का म्हणायच्या, "फाटकी साडी आमच्याकडं बी हाय की. हातपाय घिऊन या म्हणावं." मंडळाकडे दोन मोठी पातेली होती, दोरखंड होता आणि शेजारच्या तालमीतल्या रफिकची बोट. पण शेवटच्या गल्लीत पहिली पोचायची ती हीच बोट.

एका ऑगस्टात पाणी दुपारी भराभर चढलं. माणसं शाळेत हलवून झाली होती. रिकाम्या घरांच्या दारांवर खडूने फुली मारायचं काम माझं होतं. शेवटची फेरी चालू होती. रफिक ओरडत होता, "आक्का, पाण्याची वढ वाढलीया! बोट थांबत न्हाय आता!"

आक्कांनी बोट संपत गवंड्याच्या दाराशी घ्यायला लावली. दाराला कुलूप, वर माझी फुली.

"आक्का, कुलूप हाय की. घर रिकामं हाय."

"तू आत जाऊन बघितलंस व्हय?"

"न्हाय, पण कुलूप..."

"मग गप बस. हौसामावशी! ए हौसामावशी!"

पहिल्या हाकेला नुसता पाण्याचा आवाज. दुसऱ्या हाकेला तोच. रफिक कपाळावर हात मारून घेत होता. तिसऱ्या हाकेनंतर आतून लोखंडावर काहीतरी वाजलं. टण. टण.

ती फुली मी मारली होती.

रफिकने इंजिनाचा पाना घालून कोयंडा उचकटला. आत टेबलावर खाट चढवली होती आणि खाटेवर संपतची म्हातारी आई, हौसामावशी, बसली होती. पायांनी अधू. हातातला तांब्या ती कपाटावर आपटत होती. पाणी खाटेला लागलं होतं.

"किती उशीर गं, यश्वदे? वरडून वरडून घसा बसला माझा."

"चल आता, मावशे. भांडाण शाळंत कर."

"माझा चष्मा घे आधी. शाळंत कोण कोण आलंय बघाय नको?"

शाळेत संपत धावत आला आणि आक्कांच्या पायाशी वाकला. आक्का मागे सरकल्या.

"पाया पडू नगंस. चोरांच्या भ्यानं कुलूप घातलंस, कबूल. आई आत हाय म्हणून सांगाय तोंड न्हवतं?"

"बोट आणाय गेलतो, आक्का. मागनं वाट बंद झाली." तो रडू लागला. "आईला टाकून आला म्हणतील... लाज वाटली."

आता याची धडगत नाही, असं मला वाटलं. पण आक्का माझ्याकडे वळल्या. "बघ. आपण यादी केली शाळंत आलेल्यांची. राहिलेल्यांची कोण करणार?"

पुढच्या मे महिन्यात, नदी पात्रात निवांत असताना, त्या वही घेऊन घरोघर निघाल्या. चालता न येणारं कोण, ऐकू न येणारं कोण, पावसाळ्यात बाळंत होणारी कोण? लाजेने आतल्या खोलीत ठेवलेलं माणूसही त्या चहा पीत पीत वहीत आणत. घरच्यांनी सांगितलं तरी त्या माणसाला स्वतः भेटल्याशिवाय उठत नसत.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेल्या. आदल्या दिवशी मी दवाखान्यात भेटले, तर शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्या विचारत होत्या, "घरी उचलून न्यायला कोण हाय गं तुला?"

वही आता माझ्याकडे आहे. नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. तुमच्याही भागात असं एखादं मंडळ असेल. त्याला येत्या मे महिन्यातल्या चार दुपारी द्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ बसा, त्याचं नाव त्याच्याच तोंडून ऐका आणि लिहून घ्या. पावसाची वाट बघू नका.