नाखव्याला काढायचं की ठेवायचं?

एखाद्या माणसाला टीममध्ये ठेवायचं की काढायचं, हा प्रश्न चार वर्षं मीटिंगमध्ये फिरवत ठेवला की निर्णय होत नाही. किस्से होतात! आमच्या पनवेलच्या फुटबॉल क्लबात ठरावांचं रजिस्टर अजून अर्धं कोरं आहे, आणि किस्से मात्र सांगता सरत नाहीत. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या नाखव्याचे.

मी या क्लबचा सेक्रेटरी. मला फुटबॉल खेळता येत नाही, पण अर्ज चांगला लिहिता येतो, म्हणून मला सेक्रेटरी केलं. नाखवा आमचा स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहून येईल त्याला अडवणारा. उरणकडचा कोळी. घरची होडी होती, म्हणून नाखवा. पुढे होडी गेली आणि तो द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला लागला. यार्डातून सुटला की मोटरसायकलवर किट लटकवून थेट आमच्या ग्राउंडवर. अशी वीस वर्षं.

आता वीस वर्षं म्हटल्यावर वयाचा प्रश्न येतोच. दर वर्षी लीगचा फॉर्म मीच भरतो. मी विचारलं, "नाखवा, वय काय लिहू?"

"गेल्या वरसाला काय लिवलं व्हतं?"

"अडतीस."

"मग तेच ठेवा. दर वरसाला आकडा बदलला तर लोकांना संशय येतो!"

सलग तीन वर्षं अडतीस लिहिल्यावर मलाच संशय यायला लागला. मी खाजगीत त्याच्या धाकट्या भावाचं वय विचारलं. तो म्हणाला, बेचाळीस.

*

मग आमच्याकडे नवा कोच आला. साळवी. वय तीस, खारघरला फ्लॅट, कोचिंगचा कोर्स केलेला, गळ्यात शिट्टी आणि पाठीवर लॅपटॉप. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांची फिटनेस टेस्ट घेतली. ग्राउंडला बारा फेऱ्या.

नाखव्याने चार मारल्या आणि तो झाडाखाली जाऊन बसला. साळवी धावत गेला. "नाखवा, अजून आठ राहिल्या!"

"राऊ द्या. त्या पोरांना मारू द्या. त्यांना अजून खेल येत नाय, त्यांनी धावायलाच पायजे."

साळवीने लॅपटॉपवर त्याच्या नावापुढे लाल रंग भरला आणि मला सांगितलं, "सर, हा माणूस फेल आहे. काढा." मी म्हटलं, बरोबर आहे. काढू.

रविवारी मॅच झाली. साळवी वही घेऊन मैदानाच्या कडेला उभा होता, नाखव्याविरुद्ध पुरावा गोळा करायला. मॅच संपली, आम्ही जिंकलो, आणि साळवी वहीतल्या खुणा पुन्हा पुन्हा मोजत उभा.

"काय झालं?" मी विचारलं.

"सर, यांनी एकोणीस वेळा बॉल अडवला."

"आणि धावले किती?"

"दोनदा. त्यातलं एकदा पाणी प्यायला!"

त्याने लॅपटॉप उघडला, लाल रंग काढला, हिरवा भरला, परत काढला आणि तो चौकोन कोराच ठेवला. म्हणाला, "यांना काढायचं नाही सर." मी म्हटलं, हेही बरोबर आहे.

*

पण नाखव्यावर विश्वास ठेवावा, तर तो लगेच तोंडघशी पाडतो. बेलपाड्याच्या टीमशी आमची लीगमधली मॅच होती. शून्य-शून्य चालू होतं. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांचा फॉरवर्ड, सडपातळ पोरगा, बॉल घेऊन सरळ आमच्या गोलवर आला. समोर फक्त नाखवा. आम्ही निश्चिंत! असली पोरं तो एका खांद्याने झोपवतो.

नाखवा बाजूला झाला. नुसता बाजूला झाला नाही, तर दारात पाहुणा आल्यावर आपण होतो तसा झाला, या या म्हणत! पोराने आरामात गोल मारला. आम्ही हरलो.

आमचे अध्यक्ष ठाकूरशेठ तापट माणूस. ते मैदानातच ओरडले, "अहो नाखवा, हा काय प्रकार?"

नाखवा शांतपणे म्हणाला, "आमचा जावई हाय तो. पुतनीचा नवरा. लगीन होऊन दोन मयने पन नाय झाले. त्याला कसा पाडू? सोयरीक हाय!"

"मॅचमध्ये कसली सोयरीक?"

"शेठ, मॅच नव्वद मिनटांची. सोयरीक जल्माची. उद्या पोरगीला तो बोलला, तुझ्या काकानं मना मातीत घातला, तर तुमी समजवायला जानार काय?"

ठाकूरशेठ जास्तच चिडले. त्याच संध्याकाळी मीटिंग. ठराव: नाखव्याला काढावे. मी स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि सगळ्यांनी सह्या केल्या.

फक्त महिनाभराने बेलपाड्याशीच परतीची मॅच होती आणि आमचे दोन डिफेंडर तापाने पडले होते. म्हणून म्हटलं, एवढी एक खेळू दे. शेवटची मिनिटं, पुन्हा शून्य-शून्य, आम्हाला कॉर्नर मिळाला. नाखवा झुलत झुलत पुढे गेला आणि त्यांच्या गोलसमोर उभा राहिला. त्याला अडवायला कोण? तोच जावई!

बॉल हवेतून आला. जावई दोन पावलं मागे सरला आणि खाली बघत उभा राहिला. नाखव्याने निवांत हेडर मारला. गोल!

त्यांचा कोच त्या पोरावर धावून गेला. पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "सर, सासऱ्याला धक्का कसा मारू?"

ठाकूरशेठनी मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "सेक्रेटरी, नाखव्याच्या घरात अजून किती मुली लग्नाच्या आहेत?"

ठराव रद्द झाला.

*

सरळ सांगता येत नाही, तर आडून सांगावं, ही कल्पना माझी. म्हटलं, नाखव्याचा जाहीर सत्कार करू. शाल, श्रीफळ, भाषणं. 'प्रदीर्घ कारकीर्द', 'आठवणी', 'पुढील आयुष्यास शुभेच्छा' असे शब्द वापरू. शहाण्याला शब्दाचा मार!

कार्यक्रम झकास झाला. मी वीस मिनिटं बोललो. 'क्लब त्यांना कधीही विसरणार नाही' या वाक्याला तर मीच चष्मा काढून पुसला. ठाकूरशेठनी शाल घातली. नाखव्याने डोळे पुसले आणि माइक हातात घेतला.

"मी येनारच नव्हतो पुढच्या वरसाला," तो म्हणाला. "गुडघा दुखतो. पन तुमी एवढा मान दिलात. आता तुमाला मधीच सोडून जानं काय बरं दिसत नाय!"

टाळ्यांचा कडकडाट. ठाकूरशेठ टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे बघत होते. त्या नजरेला मी अजून घाबरतो.

*

तोवर रोहन बाकावर बसून कंटाळला होता. रोहन आमचा दुसरा स्टॉपर. नवीन पनवेलचा, इंजिनिअरिंगला, चांगला उंचपुरा. दोन वर्षं किट घालून यायचा आणि न मळता घरी जायचा. शेवटी मला म्हणाला, "सर, एक तर खेळवा, नाहीतर सोडून तरी द्या. माझी आई विचारते, तू नक्की फुटबॉललाच जातोस ना?"

पोराचं काय चुकलं? मला फार वाईट वाटलं. साळवीने पुढच्या मॅचला रोहनला घेतलं आणि नाखव्याला बाकावर बसवलं.

नाखवा बसला, पण त्याचं तोंड बसलं नाही! "डावीकडं सरक! पाठी कोन हाय बघ! अरे त्याच्या पायाकडं नको बघू, कमरेकडं बघ!" अख्खा हाफ चालू. ग्राउंडच्या पलीकडे रिक्षास्टँडवरचे लोक वळून बघत होते.

हाफटाइमला रोहन घामाघूम होऊन आला. मला वाटलं, आता तक्रार करणार. तो म्हणाला, "सर, यांना आत घ्या."

"का रे?"

"ते सांगतात ते सगळं बरोबर असतं. पण इतक्या लांबून अर्धंच ऐकू येतं!"

नाखवा आत गेला, रोहन बाहेर आला. आम्ही जिंकलो. बूट सोडताना रोहनने मला विचारलं, "मग मी कधी खेळायचं, सर?" त्याला काय सांगू? मला तर कळेनासंच झालं होतं, की आम्ही कोणावर अन्याय करतोय.

*

मग ठाकूरशेठ म्हणाले, वहिनींना गाठू. बायकोने सांगितलं तर ऐकेल. आम्ही दोघं गाडी काढून त्याच्या गावी गेलो. नाखवा ड्युटीवर होता, ते बघूनच गेलो होतो.

वहिनी मासळीबाजार उरकून नुकत्या आल्या होत्या. पाटी धुवून भिंतीला टेकवलेली. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काढा की. पन मंग रविवारी त्याला तुमच्याकडं ठेवा. मागं गुडघा सुजला तवा दोन रविवार घरी व्हता. माझ्या म्हावऱ्याला मीठ किती, सुनेनं झाडू कुठनं मारायचा, सगली कोचगिरी! सून म्हायेरी निघाली व्हती!"

ठाकूरशेठ हसले, मीही हसलो. मग त्यांनी पदराला हात पुसले.

"भाऊ, एक सांगू? होडी इकली तवापासनं त्याला नाखवा म्हनतं कोन? यार्डात त्याचा नुसता नंबर हाय. गावात ज्याची होडी त्यो नाखवा. तुमच्याकडंच काय त्यो अजून नाखवा हाय." मग उठत म्हणाल्या, "बसा, चहा ठेवते."

चहा पिऊन आम्ही परत निघालो. पनवेल आल्यावर ठाकूरशेठ म्हणाले, "मग? काय करायचं?" मी म्हटलं, "शेठ, तुम्ही म्हणाल तसं." ते म्हणाले, "मला माहीत असतं तर तुम्हाला विचारलं असतं का?"

*

शेवटी मागच्या सीझनला नियमाने मतदान घ्यायचं ठरलं. टीम निवडायची कमिटी चार जणांची: अध्यक्ष, कोच, सेक्रेटरी आणि खेळाडूंचा एक प्रतिनिधी. आमच्याकडे सगळ्यात जुना खेळाडू हाच प्रतिनिधी असतो. म्हणजे नाखवा. नाखव्याला काढण्याच्या मीटिंगला नाखवा स्वतः वेळेवर हजर!

ठाकूरशेठ म्हणाले, "काढा." साळवी म्हणाला, "ठेवा." मी म्हटलं, "मी तटस्थ." तिघंही माझ्याकडे असे बघायला लागले, की मी खुर्ची जरा मागे घेतली.

राहिलं नाखव्याचं मत. त्याने चहा संपवला, कप नीट खाली ठेवला.

"काढा त्याला," तो म्हणाला. "म्हातारा झालाय. गुडघा वलत नाय त्याचा. तो चांगला पोरगा दोन वरसं बाकड्यावर सुकतोय. किती दिवस जागा अडवून बसनार?"

त्याने रजिस्टर ओढून घेतलं, सही केली, "चला, ड्युटी हाय," म्हणाला आणि गेला.

रविवारी सीझनची पहिली मॅच. रोहन कॅप्टनच्या मागे उभा राहून वॉर्मअप करत होता. तेवढ्यात मोटरसायकल आली. नाखवा उतरला. अंगात जर्सी, पायात मोजे, हातात बूट. येऊन माझ्याच बाकावर बसला आणि बुटाची नाडी बांधायला लागला.

मी घाबरत घाबरत म्हटलं, "नाखवा, अहो... परवा मीटिंग झाली ना आपली?"

"झाली की. मीच व्हतो ना."

"मग?"

"तवा कमिटीत व्हतो. कमिटीनं बरोबर केलं. पन खेलाडूला कुठं कोनी सांगितलं?" त्याने मान वर केली. "होडीवरनं खलाशाला उतरवायचा तर समोर उभं राहून, तोंडावर सांगायला लागतं. तू उद्यापासनं येऊ नको म्हनून. मी उतरवलेत तसे, मना ठाव हाय. तुमी सेक्रेटरी हाव. सांगा. ऐकायलाच आलोय."

मी उभा राहिलो. त्याच्या समोर आलो. तो नाडी धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. पलीकडे साळवी पाठ करून उभा, ठाकूरशेठना अचानक फोन आलेला. रेफ्रीने शिट्टी मारून टीमची यादी मागितली. यादी माझ्या खिशात होती. त्याला सांगायचं वाक्यही पाठ होतं.

मी म्हटलं, "नाखवा, लवकर आटपा. रेफ्री थांबलाय."

तो जागचा हलला नाही. म्हणाला, "कमिटीला इचारलंत काय?"