मर्लच्या रायफलीवरचा शिक्का

रोज सकाळी, कॉफीच्याही आधी, लाईल स्टॉफर तळघरात उतरायचा, जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहातावर घ्यायचा आणि आपल्या जुन्या लष्करी रायफलीच्या लाकडी दस्त्याला चोळायचा. फडकं कधीच नाही. लाकडाला हाताची ऊब लागते, म्हणायचा. सगळा दस्ता चोळून झाला की त्याचा अंगठा डाव्या बाजूला एका जागी येऊन थांबायचा. तिथं काहीच नव्हतं. एखाद्या वाटीच्या पाठीसारखं गुळगुळीत लाकूड, बस्स.

एके काळी तिथं शिक्का होता. चौकटीतली तीन अक्षरं. शस्त्रागारातल्या कुणा तपासनिसानं रायफल पाहून, पसंत करून, लाकडात ठोकलेली.

तरुणपणी लाईल आणि त्याचा मित्र मर्ल हॉस्टेटर यांनी एकाच आठवड्यात सरकारकडे अर्ज केले. सैन्यानं वापरलेल्या जुन्या गॅरँड रायफली तेव्हा नेमबाजी क्लबांच्या सभासदांना मिळत. माणशी एक, तीही आयुष्यात एकदाच. दोघांच्या पेट्या एकाच दिवशी आल्या. दोन्ही रायफली ग्रीसनं बरबटलेल्या, दोन्हींवर पोचे, दोन्हींवर शिक्का. लाईल तेव्हा फर्निचरच्या कारखान्यात होता. लाकडातला पोचा कसा काढायचा हे त्याला ठाऊक होतं: ओलं फडकं ठेवायचं, वर गरम इस्त्री दाबायची, वाफेनं दबलेलं लाकूड फुगून वर येतं. त्यानं एकूण एक पोचा काढला. रायफल नव्या नवरीसारखी दिसायला लागली.

लाकडाला पोचा कुठला आणि शिक्का कुठला ते कळत नाही. दोन्ही दबलेलेच. वाफेबरोबर तपासनिसाची अक्षरंही वर आली आणि नाहीशी झाली.

मर्लनं काहीच केलं नव्हतं. ग्रीस पुसलं आणि रायफल भिंतीला टेकवून ठेवली. शरद ऋतूतल्या जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनात परीक्षकानं लाईलची रायफल उलटसुलट पाहिली.

"सुंदर. पण शिक्का कुठंय?"

पहिल्या क्रमांकाची निळी फीत मर्लच्या रायफलीला मिळाली.

"आळशीपणाचं बक्षीस आहे हे!" लाईल घरी येऊन बायकोला म्हणाला.

"मग तूही जरा आळशी व्हायला शीक," आर्लीन म्हणाली.

पुढं लाईलनं गावातल्या कितीतरी लोकांच्या रायफली दुरुस्त केल्या. शिकाऱ्यांनी रायफल हलकी व्हावी म्हणून करवतीनं तोडलेले दस्ते असे जोडले की सांधा शोधावा लागे. लोक नावाजायचे. पण मर्लच्या घरी जेवायला गेला की तो त्याच खुर्चीत बसायचा, जिथून भिंतीवरची ती एक रायफल दिसे. मर्लला ते माहीत होतं.

"बघून घे, बघून घे," तो म्हणायचा. "मी गेलो की तुलाच देणार आहे."

हा विनोद होता. लाईलनं तो विनोद म्हणून घेतला नाही. मर्ल सिगारेटी ओढायचा, सकाळी स्क्रॅपल, म्हणजे डुकराच्या मांसाच्या वड्या, चरबीत तळून खायचा. लाईल पाण्यात शिजवलेलं ओट खायचा आणि फोनवर मर्लचा खोकला लक्ष देऊन ऐकायचा. आर्लीननं एकदा विचारलं, "कसा आहे मर्ल?" तर पटकन म्हणाला, "ठणठणीत आहे मेला."

मग एका सप्टेंबरात मर्लच्या हातून रायफल ओट्याच्या पायरीवर पडली. शिक्क्यापासून बोटभर अंतरावर खोल पोचा पडला. तो ती घेऊन थेट लाईलच्या तळघरात आला.

"प्रदर्शन जवळ आलंय. इस्त्री फिरव ना जरा."

"शिक्का जवळ आहे."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. शिक्का कसा जातो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?" मर्ल हसला, खोकला आणि जिना चढून गेला.

लाईलनं इस्त्री तापत ठेवली. फडकं ओलं करून पोच्यावर पसरलं. फडकं मोठं होतं. त्याचं टोक शिक्क्यावर आलं. ते त्यानं पाहिलं, आणि तसंच राहू दिलं. कुणी काही म्हणालं नसतं. मर्लनंच सांगितलं होतं. वाफ कुठवर जाईल याचा कुणाला भरवसा?

"लाईल, इस्त्री कुठंय?" वरून आर्लीन ओरडली. "मला चर्चला जायचा झगा इस्त्री करायचाय!"

"थांब जरा!"

तो इस्त्री हातात धरून उभा राहिला. ओल्या कापडाखालून ती तीन अक्षरं उमटून दिसत होती. मग त्यानं फडकं उचललं, कात्रीनं त्याचा नखाएवढा तुकडा कापला, तो पोच्यावर ठेवला आणि इस्त्रीचं नुसतं टोक टेकवलं. पोचा हळूहळू वर आला. शिक्क्याच्या बाजूची कड तेवढी उरली. तिथं पोहोचण्याआधी त्यानं इस्त्री काढून घेतली.

प्रदर्शनात मर्लनं सगळ्यांदेखत त्या कडेवर बोट ठेवलं. "हे राहिलंच की रे! हात म्हातारा झाला तुझा."

लोक हसले. लाईल "झाला असेल" म्हणाला आणि कॉफी आणायला गेला. तो परत आला तेव्हा मर्लच्या टेबलावर पुन्हा निळी फीत होती.

ओट खाणाराच आधी अंथरुणाला खिळला. जानेवारीत डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं. एका दुपारी मर्ल खोकत, बर्फ झटकत आला आणि रिकामी रायफल पलंगावर, लाईलच्या रजईवर ठेवली. खुर्ची ओढून शेजारी बसला.

लाईलचा अंगठा त्या तीन अक्षरांवरून फिरत राहिला. मग शेजारच्या कडेवर. परत अक्षरांवर. आर्लीननं सफरचंदाची पाई आणून दिली तीही दोघांनी खाल्ली नाही. अंधार पडायला लागला तसा मर्ल उठला. त्यानं रायफल उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"ठेवू का इथं?" त्यानं विचारलं.

लाईलनं मान हलवली, नको.

मर्ल दारापर्यंत पोहोचला. लाईल मागून म्हणाला, "घरी गेल्यावर नळी पुसून ठेव, गंजेल. हात घामट आहेत तुझे."