गयाचा तारा

गयाबाईच्या घरात थापेला एक खास नाव होतं: गयाचा तारा. दूधवाला म्हणाला, पाणी घातलं नाही, की कोणीतरी लगेच, "हा बघा, गयाचा तारा." लग्नात पाहुण्याने पगार वाढवून सांगितला, गयाचा तारा. सुना आल्या, त्या स्वयंपाकाआधी हे शिकल्या. आणि हे नाव पाडलं कोणी? गयाबाईच्या सख्ख्या मोठ्या भावाने, किसनदादाने.

झालं होतं असं. चोपन्न सालचा उन्हाळा. बाप महूच्या छावणीत हवालदार. आकाशात शेंडेनक्षत्र आलंय, कुठे बघायचं, हे साहेबाने त्याला सांगितलं आणि घडीभरासाठी स्वतःची दुर्बीणही दिली. सकाळी नळावर बाया बोलत होत्या की हे ज्याला दिसतं, त्याच्या घरातलं माणूस जातं. दोन्ही पोरांनी ते ऐकलं होतं. दिवेलागणीला बापाने दोघांना टाकीच्या कट्ट्यावर उभं केलं. आठ वर्षांच्या गयेला दिसलं. चिमूटभर पिठावर फुंकर मारावी तसा पांढुरका ठिपका, वर फिसकटलेली शेपटी. "दिसलं, दिसलं!" करून ती नाचली. मग बारा वर्षांच्या किसनने दुर्बीण लावली आणि ठासून म्हणाला, "तिथं काही नाही. गयी खोटं बोलते."

बापाची पाळी येईतो साहेबाचा अर्दली दुर्बीण परत न्यायला हजर. निकाल लागला. किसन मोठा, शिवाय मुलगा.

दोन वर्षांनी घराने दीक्षा घेतली. किसनदादा पुढे पोस्टात लागला, इंदूरला घर बांधलं, आणि विहारात अंधश्रद्धेवर असं भाषण द्यायचा की पंखेसुद्धा गप ऐकायचे. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच रस्त्याने जायचा. फक्त उन्हाळ्यात गच्चीवर कधी झोपला नाही. मच्छर चावतात म्हणे.

गयाबाईने नवरा बघितला, तीन बाळंतपणं बघितली, दवाखान्यात आयाची नोकरी करून पेन्शन घेतली. खोटं बोलायला फुरसतच मिळाली नाही. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

सत्तर वर्षांनी, दोन हजार चोवीसच्या एप्रिलमध्ये, नातू प्रशिक मोबाइल घेऊन आला. "आजी, तुझा तारा परत आलाय! सही में. धूमकेतू आहे तो. त्याची वाट काकडीसारखी लांबुळकी. सूर्य मधोमध नाही, एका टोकाला. दुसरं टोक नेपच्यूनच्याही पलीकडे. एका फेरीला सत्तर-एकाहत्तर वर्षं."

"एवढ्या लांबून येतो आणि राहतो किती?"

"दिसायला म्हणशील तर काही आठवडे."

"तुझ्या नागपूरच्या आत्यापेक्षा बरा," गयाबाई म्हणाली, आणि चपला घालायला उठली. "दादाला घे गाडीत. त्याच्या डोळ्यांनी बघू दे. मरायच्या आधी त्याच्या तोंडून ऐकायचंय मला, की मी खरी होते."

किसनदादा ब्याऐंशीचा. गुडघे दुखतात, बीपी आहे, बातम्या बघायच्यात, सगळं सांगून झालं. तरी प्रशिकने त्याला पुढच्या सीटवर बसवलं. शहराचा उजेड चुकवायला हातोद ओलांडून देपालपूरच्या रस्त्याला गेले. गहू निघालेला, दूर कोणीतरी नरवाई, शेतातली उरलेली धसकटं, पेटवलेली. धूर बघून किसनदादाला हुरूप आला.

"काय दिसणार यात? चला परत."

"धूर खाली आहे, आजोबा. तो चमकतोय ना, तो गुरू. त्याच्या जरा खाली, उजवीकडे." प्रशिकने दुर्बीण त्याच्या हातात दिली.

किसनदादाने ती डोळ्यांना लावली. मग विहारातल्या आवाजात म्हणाला, "दिसला! शेपटीसकट! गया तेव्हा खरंच बोलली होती."

"वा भिया!" इंदुरी झोकात ओरडून प्रशिकने टाळी वाजवली आणि घरी फोन लावायला गाडीकडे पळाला.

गयाबाईने सत्तर वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकलं. पण ती भावाच्या बाजूलाच उभी होती. दुर्बिणीमागे त्याचे डोळे गच्च मिटलेले होते.

"दादा," ती हळूच म्हणाली, "डोळे उघड."

"तेव्हाही मिटलेलेच होते," तो तसाच उभा राहून बोलला. "नळावरच्या बायांचं ऐकलेलं. मला वाटलं, मी नाही बघितला, तू बघितला नाही असं ठरवलं, तर आई-बाबा वाचतील. मग दीक्षा झाली, भाषणं सुरू झाली, सांगायची सोयच राहिली नाही. आणि आता त्या घरातले उरलो कोण? तू आणि मी."

गयाबाईने दुर्बीण काढून घेतली. गुरूच्या खाली, उजवीकडे. होता. तोच, पिठावर फुंकर मारल्यासारखा. वय झालं होतं, पण तब्येत राखून होता. तिने पोटभर बघून घेतलं.

प्रशिक फोन पुढे करत आला. "घरचे सगळे लाइनवर आहेत. बोल आजी, दिसला ना?"

गयाबाईने भावाकडे पाहिलं. तो अजून डोळे मिटूनच उभा होता.

"नाही रे," ती म्हणाली. "काहीच नाही तिथं. नुसता धूर."

किसनदादाने डोळे उघडले. तिच्याकडे बघून आधी ओठ दाबले, मग खोकला येईतो हसला.

"खोटारडी!" तो म्हणाला.

सत्तर वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याबद्दल उघड्या डोळ्यांनी खरं बोलला होता.