रुझारचा 'द'

आमच्या गोव्यातले ख्रिश्चन लोक आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात. म्हणजे देव तुमचं भलं करो. रुझार नुसतं 'बरें करूं' म्हणायचा. हा माणूस नास्तिक तरी असावा नाहीतर फार घाईत तरी, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. दोन्ही नव्हतं. शब्दाच्या सुरुवातीचं 'द' हे अक्षर त्याच्या तोंडातून निघत नसे. 'प'चीही तीच गत. बाकीची अक्षरं अडखळत का होईना यायची, पण 'द' समोर आला की त्याची मान ताठ व्हायची, डावा डोळा मिटायचा, ओठ हलायचे आणि आवाज मात्र नाही. त्यामुळे तो त्या दोन अक्षरांना वळसा घालूनच जगत होता. दाराकडे बोट दाखवायचा. पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की हवे तितके पाव बोटांनी सांगायचा. आणि देवाचा विषय निघाला की हात वर करून म्हणायचा, "तो वयलो."

आमोण्याच्या धक्क्यावर खनिजाच्या बार्जी भरत. त्या बार्जींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात तो फिटर आणि मी टाइमकीपर. मी डिचोलीहून सायकलने येत असे आणि टाइमकीपर असूनही उशिरा येत असे. पहिल्याच दिवशी नवा हजेरीपट घेऊन मी ऐटीत बसलो होतो. "नाव?" "रुझार." "बापाचं नाव?" तिथे गाडी थांबली. बापाचं नाव पेद्रू होतं, पण ते मला कळायला सहा वर्षं लागली. मागे रांग होती, आणि धीराबद्दल मला कधी कोणी बक्षीस दिलेलं नाही. "पावलू?" मी विचारलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं. "पास्कोल?" नाही. मी चिडून पुन्हा "पास्कोल?" म्हणून ओरडलो, तेव्हा सुटका करून घ्यायला त्याने हो म्हटलं. मी लिहून टाकलं. सहा वर्षांनी खरा प्रकार समजल्यावर मी ओशाळून माफी मागितली. रुझार तेलकट हात पुसत म्हणाला, "म्हजो बापूय वयर बसून हांसता आसतलो."

माझ्याबद्दलही सांगायला हवं, कारण सांगायला मला आवडतं. दर वर्षी आमच्या देवळाच्या उत्सवात मराठी नाटक व्हायचं. दिग्दर्शक मी, राजा मी, आणि प्रॉम्प्टर आला नाही तर प्रॉम्प्टरही मीच. माझा आवाज नदीपलीकडे जातो अशी ख्याती होती. ती मीच पसरवली होती. पणजीच्या नाट्यस्पर्धेचं बोलावणं दोनदा आलं. दोन्ही वेळा माझा घसा बसला. बोलावण्याचं पत्र आलं त्या दिवशी बसायचा तो स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मोकळा व्हायचा. स्वतःच्या देवळासमोर, स्वतःच्या मेहुण्यांसमोर मात्र मी सिंह होतो.

म्हणूनच रुझार एका दुपारी माझ्याकडे आला. "मास्तर, तुमी म्हाका उलोवपाक शिकयात."

"बोलायला? आणि ते कशाला?"

वळसे घेत घेत त्याने सांगितलं ते असं. त्यांच्या पाद्रींनी मिसेच्या, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेच्या, वेळी विचारलं होतं, मोझांबिकला कोण जाईल? तिथलं युद्ध नुकतंच संपलेलं, खेड्यांत पाद्री नाहीत, रविवारी लोकांना जमवून प्रार्थना सांगायला, येशूबद्दल चार शब्द बोलायला माणूस हवा होता. थोडं पोर्तुगीज येणारा असला तर बरं. गोवा मुक्त झाला तेव्हा रुझार पोर्तुगीज शाळेत तिसरीत होता. आता चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, आई वारलेली. तो उभा राहिला होता. बाकी कोणी उभं राहिलं नव्हतं.

मी खो खो हसलो. "अरे, ज्याला 'देव' म्हणता येत नाही तो देवाबद्दल सांगायला आफ्रिकेत जाणार?"

रुझार हसला नाही. "ज्याणें म्हजें इतलें केलें, ताचें नांव म्हज्या तोंडांतल्यान भायर सरना. हें बरें न्हय, मास्तर."

यावर मला एकच सुचलं, ते म्हणजे स्वतःचं महत्त्व. मी त्याला शिष्य करून घेतलं. कामाची पाळी संपली की रिकाम्या बार्जीवर आमची तालीम चाले. माझ्या नाटकातल्या राजाची भाषणं मी त्याला पाठ करायला लावली, आणि काय आश्चर्य! राजाचा आवाज काढला की रुझार अडखळत नसे. कमरेवर हात ठेवून तो "दुष्टांनो, दूर व्हा!" असं गरजला, तेव्हा धक्क्यावरचे हमाल खरोखर दोन पावलं मागे सरकले. मला वाटलं, मी वैद्यकशास्त्राला न जमलेलं काम केलं. आता फक्त राजाच्या जागी येशू घालायचा होता.

जाण्याआधी त्याने कपेलात, म्हणजे त्यांच्या लहानशा चर्चमध्ये, चार शब्द बोलून दाखवायचे असं ठरलं. गुरू म्हणून मीही गेलो. देवळाच्या सवयीने चपला बाहेर काढल्या. आत सगळे बूट-चपला घालून बसलेले आणि शेवटच्या बाकावर मी एकटा अनवाणी. रुझार पुढे आला. कमरेवर, तलवारीच्या जागी, हात ठेवला आणि गरजला, "हांऽऽव रुझाऽऽर!" एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने छातीवर क्रूस काढला. त्याने दुसरा हात आढ्याकडे फेकला आणि सगळं कपेल हसलं. हसणं थांबेना. रुझारचा हात हळूहळू खाली आला. मग तो स्वतःच्या आवाजात काही सांगू लागला, तिसऱ्या शब्दालाच 'द' आला, आणि तो तसाच उभा राहिला, मान ताठ, एक डोळा मिटलेला. शेवटी पाद्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

बाहेर पाद्री त्याला समजावत होते, "रुझार, सेवा इथेही करता येते. इतकं लांब कशाला?"

"फादर, हांगा हांसतात तें म्हाका समजता," तो म्हणाला. "थंय हांसतले तें समजचें ना."

इथलं हसणं समजतं, तिथलं समजणार नाही, एवढाच त्याचा हिशोब. महिन्याभरात तो गेला. डिचोलीच्या बस स्टँडवर मी त्याला निरोप द्यायला गेलो आणि जो माणूस आफ्रिकेला निघाला होता त्याला, म्हापशापलीकडे सहसा न जाणाऱ्या मी, प्रवासाबद्दल पाऊण तास उपदेश केला.

चार वर्षांनी तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला. वाळला होता, केस पांढरे झाले होते. माझ्या ओसरीवर चहा घेत तो सबंध दुपार बोलत बसला. पूर्वी मी त्याची वाक्यं पुरी करत असे. त्या दुपारी एकदाही केलं नाही. मला शहाणपण आलं होतं असं नाही, माझी कवळी दुरुस्तीला दिली होती.

तिथे पहिल्या रविवारी काजूच्या झाडाखाली पन्नासेक माणसं जमली होती. कपेलाचं छप्पर युद्धात गेलेलं. रुझार उभा राहिला, आणि पोर्तुगीजमध्ये देवाला 'देऊश' म्हणतात. म्हणजे पुन्हा 'द'. पोर्तुगीजांनी आपल्याकडे मिरची आणली, पाव आणला, पण देवासाठी वेगळं अक्षर काही आणलं नाही. रुझार अडकला. कोणी हसलं नाही. सगळे वाट पाहत राहिले. बऱ्याच वेळाने शब्द आला, तेव्हा लोकांनी माना खाली घातल्या. पुढच्या रविवारी दुप्पट माणसं. त्याच्या पुढच्या रविवारी नदीपलीकडून होड्या भरून आली.

रुझारला काही कळेना. लुसिया नावाच्या एका म्हातारीने त्याला सांगितलं, "बाकीचे लोक देवाचं नाव कोंबडीला हाक मारावी तसं घेतात. तू ते घेण्याआधी थरथरतोस. असा भक्त आम्ही पाहिला नाही."

मी आनंदाने मांडीवर थाप मारली. "मग?"

"मग कितें? फट आशिल्ली ती." फट म्हणजे खोटं. पुढच्याच रविवारी त्याने सगळ्यांना सांगून टाकलं: ही भक्ती नाही, माझ्या जिभेची खोड आहे, मी पावाला आणि दारालाही असाच अडखळतो. तेव्हा मात्र लोक हसले. त्यापुढच्या रविवारी झाडाखाली नऊ माणसं होती.

"अरे वेड्या!" मी बोळक्या तोंडाने ओरडलो. "गप्प बसायचंस ना!"

"हांव गप्प बसूंक थंय गेल्लों?" रुझार म्हणाला.

त्या नवांत लुसिया होती. एकदा प्रार्थना संपल्यावर ती उठलीच नाही. सगळे गेल्यावर तिने युद्धात तिच्या दोन मुलांचं काय झालं ते सांगितलं. इतक्या वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना थांबत होती, पुन्हा सुरू करत होती. म्हणाली, तुझी जीभ अडकते, म्हणून तुझ्यासमोर माझी अडकली तरी लाज वाटत नाही. तिचं सांगून झाल्यावर रुझार एवढंच म्हणाला, आणि मलाही त्याने ते तसंच सांगितलं: "ताकाय आवय आशिल्ली. तिच्या मुखार ताका मारलो."

त्यालाही आई होती, तिच्या डोळ्यांदेखत त्याला मारलं. येशूबद्दल.

"म्हजो शेर्मांव इतलोच, मास्तर," तो म्हणाला. इतकंच त्याचं प्रवचन. मग दुसरी एक बाई आली, मग हात तुटलेला एक माणूस. रविवारची माणसं हळूहळू पुन्हा वाढली. रुझार बोलायचा थोडं आणि ऐकायचा फार. मी विचारलं, राजाचा आवाज कधी काढला होतास का? "एक फावट," तो म्हणाला. "माकड आयलें तेन्ना." माझी नाट्यकला आफ्रिकेत इतपतच कामी आली.

तो परत गेला. दोन वर्षांनी नव्या पाद्रींनी मला बोलावून घेतलं. तापाने रुझार गेला होता. त्याला तिथेच, काजूच्या झाडापाशी पुरलं होतं. गावकऱ्यांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं पोर्तुगीज पत्र पाद्रींनी मला वाचून सांगितलं. आता रविवारी लुसिया बोलते, असं त्यात होतं. आणि शेवटी माझ्यासाठी मजकूर होता. रुझार नेहमी सांगायचा की माझ्या देशात एक थोर नट आहे, हजार माणसांसमोर न भिता उभा राहतो, त्याने मला बोलायला शिकवलं. त्या मास्तरांनी आम्हाला लिहावं, रुझार तिकडे कसा होता. आम्ही ते रविवारी सगळ्यांना वाचून दाखवू.

मी तीन दिवस लिहीत होतो. पहिला मसुदा सात पानांचा झाला. वाचून पाहिला तर त्यात मी एकोणीस वेळा आणि रुझार चार वेळा. तो फाडला. दुसऱ्यात रुझार वाढला, पण गुरूचा महिमा काही कमी होईना. तोही फाडला. तिसरा एका पानाचा झाला. तो घेऊन मी कपेलात गेलो. पाद्री माझं मराठी वाचत त्याचं पोर्तुगीज करून कागदावर उतरवू लागले. मी समोर बसून होतो. शेवटच्या ओळींपाशी त्यांचं पेन थांबलं. मी लिहिलं होतं:

'मी त्याला बोलायला शिकवलं नाही. माझ्यासारखं ओरडायला शिकवलं. कपेलात सगळे हसले, तेव्हा पहिला मी हसलो होतो. माझा आवाज मोठा आहे, कुठेही ओळखू येतो. त्याने वर मान करून शेवटच्या बाकाकडे पाहिलं होतं.'

पाद्रींनी माझ्याकडे पाहिलं. "हेंय बरयूं?"

"लिहा, फादर," मी म्हणालो.